आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का नाही? (आणि मी "पुढे बघ" म्हणालो)

दुसरा_तास

नमस्कार मंडळी. नववीला विज्ञान शिकवतो, हे तिसरं वर्ष. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मागच्या बुधवारी आरसे चालले होते. सपाट आरसा: प्रतिमा आभासी, वस्तूएवढीच, आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर, डावं-उजवं उलट. फळ्यावर आकृती, वह्यांत आकृती, सगळं कसं सुरळीत. तेवढ्यात चौथ्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. म्हणजे अर्धाच. कोपर बाकावरच होतं, पंजा तेवढा उचललेला. हा मुलगा वर्षभरात हजेरीला "हजर" म्हणण्यापलीकडे माझ्याशी बोललेला नाही. म्हणाला, "सर, आरशाला कसं कळतं डावं-उजवं कुठलं ते? वर-खाली का नाही उलटत?"

दोघे-तिघे फिसकन हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "तू खाली डोकं वर पाय करून उभा राहा, मग उलटेल!" सगळा वर्ग खो खो हसला. मग मी गंभीर होऊन, "परीक्षेला नाहीये ते, पुढे बघ."

खरी गोष्ट अशी की मला उत्तर येत नव्हतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, किरणाकृती झोपेतही काढून देईन, पण हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडलाच नव्हता. आणि ते लपवायला मी विनोद मारला. त्या दिवसापासून तो मुलगा माझ्या तासाला वहीवर हात आडवा ठेवून बसतो. वर बघतच नाही.

आता माझी अडचण. मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की चांगल्या शिक्षकाकडे तीन गोष्टी हव्यात: नम्रता, विनोद आणि विषयाची तळमळ. बरं. विनोदासाठी मी एक वही केली आहे (हसू नका), धड्यानुसार विनोद लिहिलेली. पहिल्या वर्षी चालले, आता मुलं माझ्याकडे दयेनं बघतात. तळमळीचं म्हणाल तर माझा आवाज मुळातच सपाट. उसना जोश आणला की सामन्याचं धावतं वर्णन केल्यासारखं वाटतं. आणि नम्रतेबद्दल आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, "वर्गात 'मला माहीत नाही' असं एकदा म्हणालास की संपलास, डोक्यावर मिरे वाटतील."

तर हे तिन्ही नेमकं करायचं कसं? ज्यांनी वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेत त्यांच्याकडून ऐकायचंय. आणि त्या मुलाचं काय करू?

---

टवाळ_कार्टं

विनोदाची वही!! जप्त करा रे कुणीतरी.

आमचे एक सर दरवर्षी त्याच धड्याच्या त्याच परिच्छेदाला तोच विनोद करायचे. थोरल्या भावाचं पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "इथे सर हसतील." आम्ही सरांच्या आधीच हसायला लागलो. सर खूश, वर्ग एकदम रंगलाय म्हणून.

---

उरलेला_खडू

एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त. म्हणजे वेळ भरपूर आणि बोलायची खाजही.

आधी त्या मुलाचं. उत्तर येत नव्हतं हा काही गुन्हा नाही. विनोद केलात हाही नाही. पण तो विनोद प्रश्नावर न पडता मुलावर पडला. अर्धा हात वर केला की काय होतं ते त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनीच पाहिलं. त्यामुळे एक हात खाली गेला असं समजू नका, जे वर यायचे होते तेही गेले.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चौथ्या की पाचव्या वर्षी एका मुलीला मी फळ्यावर बोलावलं होतं. तिनं (अ + ब) चा वर्ग म्हणून नुसतं अ वर्ग अधिक ब वर्ग लिहिलं, मधलं २अब गाळलं आणि खडू ठेवला. मी म्हणाले, "वा! मधलं पद रजेवर गेलं वाटतं!" वर्ग हसला. तीही हसली, पण मानेपासून कानापर्यंत लाल झाली. वर्ष संपेपर्यंत ती फळ्याजवळ आली नाही. बोलावलं की "बाई, पाय दुखतोय." मला पुढे किती तरी वर्षं वाटत होतं की माझा तास हसतखेळत चालतो.

नंतर मी त्याच चुकीवर तोच विनोद ठेवला, फक्त जागा बदलली. मूल चुकलं की काही बोलायचं नाही. फळ्यावर एक मोठा चौरस काढायचा, बाजू ३ अधिक ४. उभी एक रेघ, आडवी एक रेघ. चार खोल्या झाल्या. एक ३ गुणिले ३ ची, एक ४ गुणिले ४ ची. "तुझ्या उत्तरात या दोन खोल्या आहेत, ९ आणि १६, झाले २५. पण अख्खं घर तर ४९ चं आहे. मग २४ चौरसांत राहतंय कोण?" मुलं त्या उरलेल्या दोन खोल्यांकडे बघतात, १२ आणि १२. कुणीतरी मागून ओरडतं, "भाडेकरू!" हशा होतोच, मोठा होतो. पण तो चौरसावर होतो, आणि जिनं चूक केली तीही त्यात हसते. माझ्या मुलांनी २अब ला कायमचं "भाडेकरू" म्हटलं. परीक्षेत कुणी ते विसरलं की शेजारचा कुजबुजायचा, "भाडेकरू काढलेस का?" (ही कॉपी म्हणायची का, हे मी आजवर ठरवलेलं नाही.)

वहीतल्या विनोदाचं दुखणं हेच. तो धड्याच्या शेजारी उभा असतो, धड्याच्या आत नसतो. अव्नेर झिव नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली याबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संख्याशास्त्राचा एक सत्रभराचा अभ्यासक्रम, एका गटाला विनोदाची जोड देऊन शिकवलं, एकाला नेहमीसारखं. विनोदवाल्यांना परीक्षेत जास्त गुण पडले. पण तिथले विनोद शिकवायच्या संकल्पनेशीच बांधलेले होते. हा अर्धा भाग प्रशिक्षणात सांगायचा राहून जातो.

आता ते मिरे वाटण्याचं. तुमच्या सहकाऱ्यांसारखंच मलाही कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी ते पाळलंही. फळ्यावर मी चुकायचे. चिन्ह गाळणं हा माझा खास रोग. पोरं ओरडायची, "बाई, वजा!" आणि मी ठेवणीतलं खोटं काढायचे: "बघत होते, तुमचं लक्ष आहे का!" आम्हा मास्तर लोकांचं हे लाडकं वाक्य. मुलं पहिलीपासून ऐकत आलेली असतात आणि पहिलीपासून त्यांचा त्यावर विश्वास नसतो.

एक दिवस वैताग आला आणि तोंडातून खरं निघालं: "अरेच्चा, घसरले की. कुठल्या ओळीपासून?" पस्तीस डोकी फळ्यावर. तिसरी ओळ, नाही, दुसरी, नाही बाई, कंस सोडवतानाच. तासाला इतका जिवंत गोंधळ मी त्याआधी ऐकला नव्हता. तेव्हापासून चुकलेली ओळ पुसायची नाही असं ठरवलं. तिच्याभोवती गोल करायचा आणि तास संपेपर्यंत ती तिथेच. मुलांना अँड्र्यू वाइल्स यांची गोष्ट सांगायचे. फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध झाल्याचं त्यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला जाहीर केलं, जगभर बातमी झाली, मग तपासताना सिद्धतेत भगदाड सापडलं. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, तेही रिचर्ड टेलर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन. साडेतीनशे वर्षांचं कोडं सोडवणाऱ्याची ओळ चुकू शकते, तर आपल्या वजा चिन्हाचं काय घेऊन बसलात!

मात्र मुद्दाम चुकू नका. मुलांना तो वास लगेच येतो.

आणखी एक, आणि माझ्या मते तिन्ही गुणांपेक्षा हे जास्त कामाचं. प्रश्न विचारलात की गप्प बसा. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तो एक सेकंद तीनवर नेला तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद! मी पहिल्यांदा मनात मोजले तेव्हा तळहाताला घाम आला होता. पंखा ऐकू येतो. आपण नापास होतोय असं वाटतं. त्या तीन सेकंदांत वर्ग आपला नसतो ना, म्हणून. पण मूल पाऊल टाकणार ते त्या मोकळ्या जागेतच. तुम्ही ती बोलण्यानं, जोशानं किंवा विनोदानं भरून टाकलीत तर ते उभं राहणार कुठे?

आरशाचं उत्तर मी सांगणार नाही. शोधा. एवढंच करा: पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर एक शब्द लिहा आणि आरशासमोर धरा. आणि वर्गात जाल तेव्हा आधी त्या मुलाचं देणं चुकतं करा. हशा वर्गासमोर झाला, तर माफीही वर्गासमोरच. कोपऱ्यात बोलावून, खांद्यावर हात ठेवून नको. ते तुमच्या सोयीचं.

---

संशयी_सूक्ष्मदर्शक

खडूबाईंना दंडवत, पण माझा एक खडा.

"तळमळ" दिसते कशी आणि असते कशी यात फार अंतर पडतं. १९७० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी एक नट उभा केला, नाव दिलं डॉक्टर मायरन फॉक्स. विषय: गणिती खेळसिद्धांत आणि वैद्यकीय शिक्षण. त्या नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते एवढंच की दुटप्पी बोल, शब्द नवे बनव, आधीच्या वाक्याच्या विरुद्ध बोल, पण सगळं उत्साहात आणि हसवत हसवत बोल. ऐकणारे कोण? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक. ते आणि नंतर चित्रफीत पाहिलेले धरून तीन गटांत एकूण ५५ जण. बहुतेकांना व्याख्यान आवडलं, विचारप्रवर्तक वाटलं! १९७३ साली हे छापून आलं.

म्हणून मुलं हसतायत, डोळे चमकतायत, एवढ्यावर खूश होऊ नका. दुसऱ्या दिवशी वही न उघडता त्यांना काय सांगता येतं ते बघा.

नम्रतेलाही एक अट आहे. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरनसन यांचा १९६६ चा प्रयोग: प्रश्नमंजुषेत ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा माणूस ऐनवेळी अंगावर कॉफी सांडून घेतो, तर तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडायला लागतो. तीच कॉफी जेमतेम ३० टक्के देणाऱ्यानं सांडली तर तो होता त्याहून नावडता होतो. मास्तरांनी रोज येऊन "मलाही येत नाही बुवा" म्हटलं तर मुलं काय समजायचं ते समजतील. आधी ९२ टक्क्यांची तयारी, मग कॉफी.

---

मागची_रांग

मी शिक्षक नाही. त्या चौथ्या बाकावरच्या मुलाच्या जातीचा आहे, अर्धा हातवाला. म्हणून लिहितोय.

आम्हाला रसायनशास्त्राला एक सर होते. आवाज तुमच्यासारखाच, सपाट. विनोद तर मला एकही आठवत नाही. ज्योत-परीक्षा आठवते. तार आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, मग तपासायच्या क्षारात बुडवून पुन्हा ज्योतीत. सोडियम पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, तांबं हिरवं-निळं. सरांनी हे किती शेकडो वेळा केलं असेल. तरी तार ज्योतीत धरली की ते खाली वाकायचे, गुडघे मोडून, ज्योतीच्या पातळीला डोळे आणून. चष्म्यात ज्योत दिसायची. आणि काही बोलायचेच नाहीत. आम्हीही वाकायचो. वीस पोरं टेबलाभोवती वाकलेली, कुणी "वाका" म्हटलेलं नाही.

एकदा पोटॅशियमला पिवळीच ज्योत आली. सर वाकलेलेच, म्हणाले, "हं." नुसतं "हं". मग वर बघून, "हे असं का व्हावं?" आणि थांबले. खडूबाई म्हणतात ते तीन सेकंद असतील, मला पाच मिनिटं वाटली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तार नीट धुतली नसेल, सोडियम उरलं असेल." त्यांनी तार माझ्या हातात दिली. बस्स. शाबास नाही, काही नाही. "धू आणि बघ." मी धुतली. मग त्यांनी निळी काच काढून दिली, कोबाल्टची, तिच्यातून पिवळा रंग गाळला जातो आणि जांभळा दिसतो. मी बघितला. मग त्यांनी काच माझ्याकडून घेतली आणि स्वतः बघितलं, माझ्यानंतर.

आज मी हिशेबाच्या कामात आहे, रसायनशास्त्राशी संबंध नाही. पण ते "माझ्यानंतर" अजून लक्षात आहे.

---

दुसरा_तास

सगळ्यांचे आभार. मागची_रांग, तुमचं दोनदा वाचलं. संशयी, ९२ टक्के पटलं, आज रात्री आरशाची तयारी.

एक शंका राहतेच. उत्साह आतून नसेल असं नाही हो, मला प्रकाशकी खरंच आवडते. पण आवाजात ती उतरत नाही. त्याला काही इलाज?

---

उरलेला_खडू

आहे की. मायकेल फॅरेडे यांचं नाव तुम्ही शिकवतच असाल. शाळा जेमतेम झालेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात, १८२५ पासून. फॅरेडेंनी तिथे १९ मालिका दिल्या. मेणबत्तीवरची तर जगप्रसिद्ध आहे, एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं! अशा माणसानं बोलण्याची रीतसर शिकवणी लावली होती, वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे. आणि व्याख्यानाला उभे राहताना समोर एक कार्ड ठेवायचे, त्यावर एकच शब्द: "हळू". विषय बोलायला लागला की आपण वाहवत जातो हे त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा आवाज हा कसबाचा भाग आहे, शिकता येतो, आणि नाही आला तरी त्या रसायनवाल्या सरांसारखे गुडघे मोडता येतातच.

---

टवाळ_कार्टं

सर, वहीचं काय केलंत ते सांगा आधी.

---

दुसरा_तास

नऊ दिवसांनी येतोय. वहीचं येतंच आहे पुढे.

सोमवारी तासाला गेलो. हजेरी घेतली. आरसा टेबलावर उभा केला आणि म्हणालो, "त्या बुधवारी मला एक प्रश्न विचारला गेला. उत्तर मला येत नव्हतं. ते लपवायला मी विचारणाऱ्याची चेष्टा केली. प्रश्न चांगला होता, मी वागलो ते वाईट होतं." त्याचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी वळून त्याच्याकडेच पाहिलं. त्यानं वहीवरचा हात काढला नाही. पहिल्या बाकावरची एकजण अगदी आनंदानं म्हणाली, "म्हणजे सर, तुम्हालाही येत नाही?" मी म्हणालो, "येत नव्हतं. शनिवारी रात्री साडेअकराला आलं." मिरे वगैरे कुणी वाटले नाहीत.

मग सुरुवात केली. आरशासमोर उभं राहून उजवा हात बाजूला केला. प्रतिमेचा हात कुठल्या बाजूला? त्याच बाजूला. वर केला, तोही वर. मग बोट सरळ आरशाकडे रोखलं, तर आतलं बोट उलट माझ्याकडे रोखलेलं. इथे थांबलो आणि मोजले. एक, दोन, तीन. (घाम खरंच येतो.) चार. कुणीतरी म्हणालं, "पुढचं मागे झालं." बरोबर! आरसा डावं-उजवं उलटवतच नाही. तो फक्त पुढचं-मागचं उलटवतो. आपण प्रतिमेच्या जागी मनानंच एक वळून उभा राहिलेला माणूस कल्पतो आणि मग त्याच्या हातांची अदलाबदल झाली म्हणतो.

आता खडूबाईंचा प्लास्टिकचा कागद. त्यावर "गवत" लिहिलं. आपल्याकडे तोंड करून आरशासमोर धरलं. आरशातही सरळ "गवत". पोरं चकित. मग साधा कागद हवा होता, तो घेतला विनोदाच्या वहीतला फाडून. त्यावरही "गवत" लिहिलं आणि आरशाला दिसावं म्हणून कागद फिरवला. आरशात शब्द उलटा. पण कागद फिरवल्यामुळे मागची बाजू वर्गाकडे आली आणि तिथे होता माझा प्रकाशाच्या वेगावरचा विनोद. दुसऱ्या रांगेनं तो मोठ्यानं वाचला. कुणी हसलं नाही. मग कुणी हसलं नाही या गोष्टीवर सगळे हसले. मीही.

विचारलं, "शब्द उलटा केला कुणी?" थांबलो. मागून उत्तर आलं, "तुम्हीच. कागद फिरवलात ना." माझी तयारी इथेच संपत होती. समारोप करायला खडू उचलला, तर चौथ्या बाकावरून तो उठला. हात वर नाही, परवानगी नाही. टेबलापाशी आला आणि माझ्या हातातून कागद काढून घेतला. "गवत" स्वतःकडे धरलं. मी बाजूनं फिरवला होता तसा फिरवला नाही. वरची कड धरून पलीकडे खाली पाडली, वहीचं पान खालून उलटावं तशी. आणि आरशासमोर धरला.

आरशात शिरोरेषा तळाला. अक्षरं तिच्यावर उभी, पाय वर करून. "ग" डावीकडेच, "त" उजवीकडेच.

"सर, हे बघा. उलटलं वर-खाली."

शनिवारी रात्री दोन तास बसलो होतो, हे मला सुचलं नव्हतं. खाली डोकं वर पाय! मी त्याला चेष्टेत म्हणालो होतो तेच, फक्त त्यानं ते कागदाला करायला लावलं. मी काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही, पण शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. आणि मी वाकलो, मागची_रांग, गुडघे मोडून, त्याच्यानंतर, आरशाच्या पातळीला.

संशयी यांच्यासाठी: मंगळवारी वह्या बंद ठेवून लिहायला सांगितलं. ३७ पैकी २४ जणांना पुढचं-मागचं नीट मांडता आलं. नऊ जणांनी आरसा डावं-उजवं उलटवतो असंच लिहिलं, त्यांच्यासाठी पुन्हा कागद फिरवावा लागणार. चौघांनी विनोद लिहून काढला.

आणि काल तास सुटल्यावर तो दारात थांबला होता. "सर, दोन आरसे काटकोनात जोडून उभे केले आणि मधे बघितलं तर? तेव्हा काय उलटेल?" मला वाटतंय ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही, असं त्याला सांगितलं. उद्या दोन आरसे आणि चिकटपट्टी नेतोय. मुद्दामच आधी करून बघितलेलं नाही. खडूबाई, तुम्हीही इथे लिहू नका.

---

उरलेला_खडू

नाही लिहीत. पण कडा घासून घ्या हो आरशांच्या, नाहीतर त्यांना टेप लावा. हात कापतो.